अज्ञान वादी : मत नसलेल्या नागरिकांनी जंगलासाठी लावलेला दावा

१/ सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कधी नीट नजर टाकली असेल, तर एखाद्या खातेदाराच्या नावाशेजारी 'अ.पा.क.' ही अक्षरे आढळली असतील. अज्ञान पालनकर्ता. जमिनीचा मालक अठरा वर्षांखालील आहे; जमीन त्याचीच, पण तो सज्ञान होईपर्यंत तिची राखण दुसऱ्या कुणी करायची, असा त्याचा अर्थ. आपल्या कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा माणूस 'अज्ञान' असतो. त्याला मालमत्ता असू शकते, वारसा असू शकतो. मत मात्र नसते.

२/ आजचा थ्रेड अशाच चाळीसहून अधिक 'अज्ञान' वादींविषयी आहे. त्यांनी १९९० साली आपल्या देशाच्या सरकारवर दावा लावला. वाद शेताच्या बांधाचा नव्हता, देशातील सगळ्या जंगलाचा होता. आणि दाव्यात त्यांनी आपल्याबरोबर अशा लोकांनाही वादी म्हणून उभे केले, जे तोवर जन्मलेच नव्हते.

३/ देश फिलिपाइन्स. सात हजारांहून अधिक बेटे, पण सगळी मिळून भूभाग सुमारे ३ कोटी हेक्टर. म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढाच. जंगल राजाचे, म्हणजे सरकारचे, ही समजूत तिथे स्पॅनिश राजवटीने रुजवली. १८९८ नंतर आलेल्या अमेरिकन अमदानीने वनखाते आणले आणि त्याबरोबर मोठ्या प्रमाणावरील यांत्रिक तोडही आणली. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, उष्ण कटिबंधातील लाकडाचे ओंडके निर्यात करणाऱ्या प्रमुख देशांत फिलिपाइन्सची गणना होऊ लागली. जपान हे मोठे गिऱ्हाईक होते.

४/ ही तोड चाले ती 'टिंबर लायसन्स ॲग्रीमेंट' नावाच्या दस्तऐवजावर. हे नाव लक्षात ठेवा. त्यात 'लायसन्स'ही आहे आणि 'ॲग्रीमेंट'ही, म्हणजे परवानाही आणि करारही. पुढे सगळा खटला या दोन शब्दांच्या फटीत अडकणार आहे. मुदत जास्तीत जास्त २५ वर्षांची आणि ती संपल्यावर आणखी २५ वर्षांपर्यंत नूतनीकरण. एका पिढीने सही करावी आणि दुसरीने बोडके डोंगर पाहावेत, एवढा हा काळ.

५/ फर्डिनांड मार्कोस १९६५ साली निवडून आले, १९७२ साली त्यांनी लष्करी कायदा पुकारला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये जनतेच्या उठावापुढे देश सोडून पळाले. मधल्या काळात तोडीचे परवाने मर्जीतल्या माणसांना बक्षीस देण्याचे साधन झाले होते. हुकूमशाहीचा इतिहास आपण तुरुंगांच्या आणि गोळीबारांच्या अंगाने वाचतो. तो वनखात्याच्या दप्तरातूनही वाचता येतो, एवढेच इथे नोंदवतो.

६/ उठावानंतर नवी राज्यघटना आली. २ फेब्रुवारी १९८७ रोजी सार्वमताने ती मंजूर झाली. तिच्या दुसऱ्या प्रकरणातील सोळावे कलम सांगते की, निसर्गाच्या लयीशी आणि सुसंवादाशी जुळणारे संतुलित व आरोग्यदायी पर्यावरण हा जनतेचा हक्क असून राज्याने तो जपावा. भाषा सुंदर आहे. घटनेत अशी भाषा क्वचितच येते. पण जागा अडचणीची होती. हे कलम मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नव्हते. ते राज्याच्या धोरणांच्या प्रकरणात होते, आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वांच्या शेजारघरात म्हणा. तिथल्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागता येते का, याचे उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते.

७/ ते उत्तर काढायचे आंतोनियो ओपोसा नावाच्या तरुण वकिलाने ठरवले. मार्च १९९० मध्ये मनिला महानगरातील मकाती येथील प्रादेशिक न्यायालयात, शाखा ६६ मध्ये, दिवाणी दावा क्रमांक ९०-७७७ दाखल झाला. वादी मुले होती. ओपोसांची स्वतःची मुले आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक कुटुंबांतील मुले. सोबत अर्थातच पालक, कारण अज्ञान व्यक्तीला एकट्याने दावा लावता येत नाही. जोडीला एक पर्यावरण संस्थाही होती. आपण आपल्या पिढीच्या वतीने आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीने आलो आहोत, असे दाव्यात लिहिले होते.

८/ मुलेच का? मोठ्या माणसांनाही हाच दावा लावता आला असता. पण परवान्यांची मुदत लक्षात घेतली की या निवडीमागचा हिशेब उलगडतो. १९९० साली दिलेला परवाना नूतनीकरणासह २०४० पर्यंत चालू शकत होता. त्या वर्षी मंत्री हयात असण्याची शक्यता कमी; वादी मात्र पन्नाशी-साठीत असणार होते. ज्याच्या हयातीत नुकसान पूर्ण होणार, तोच खरा बाधित, हा मुद्दा वादींची वयेच सांगत होती.

९/ दाव्यातील आकडे असे. २५ वर्षांपूर्वी देशात १ कोटी ६० लाख हेक्टर वर्षावन होते, म्हणजे भूभागाच्या सुमारे ५३ टक्के. १९८७ च्या उपग्रहचित्रांत जुने जंगल १२ लाख हेक्टरांवर आलेले दिसले. त्यानंतरच्या पाहणीनुसार अस्पर्श जंगल उरले होते साडेआठ लाख हेक्टर, जेमतेम २.८ टक्के. आणि चालू परवाने किती क्षेत्राचे? ३८ लाख ९० हजार हेक्टरांचे. परवान्यांच्या क्षेत्रात एकदा तोड होऊन पुन्हा वाढलेले जंगलही येत होते हे खरे. तरीही मूळ जंगलाच्या साडेचार पट क्षेत्रावर कुऱ्हाडीचा हक्क आधीच वाटून झाला होता.

१०/ तोडीचा वेग वर्षाला २ लाख हेक्टर. दाव्यात तो तासाला २५ हेक्टर असा मांडला होता आणि त्यात रात्री, शनिवार-रविवार व सुट्ट्याही धरल्या असल्याचे मुद्दाम नमूद केले होते. (भागाकार करून पाहिला, तर तासाला सुमारे २३ हेक्टर येतात, वकिलाने आकडा जरा गोल केलेला दिसतो.) दादरचे शिवाजी पार्क ११ हेक्टरांच्या आसपास आहे. म्हणजे दर तासाला दोन शिवाजी पार्कांएवढे जंगल, दिवाळीच्या रात्रीसुद्धा.

११/ मागण्या दोनच. सर्व चालू परवाने रद्द करा आणि नवे देऊ नका.

१२/ प्रतिवादी होते पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचे मंत्री फुलहेन्सियो फाक्तोरान. इथे कथा थोडी गुंतते. फाक्तोरान हे मार्कोस काळात मानवी हक्कांसाठी लढलेले वकील. मंत्री म्हणूनही त्यांनी लाकूडमाफियाला अभय दिल्याची ख्याती नाही, उलट काही परवाने त्यांनीच रद्द केले. म्हणजे मुले ज्याच्याविरुद्ध उभी होती तो खलनायक नव्हता. सज्जन मंत्री आहे म्हणून हक्काचा प्रश्न टाळायचा नाही, हे दाव्याचे धोरण मला त्यातील सर्वांत प्रौढ बाब वाटते. मंत्री बदलतात, परवाना पंचवीस वर्षे राहतो.

१३/ १८ जुलै १९९१ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. कारणे तीन : वादींचा कोणता विशिष्ट हक्क भंगला हे दिसत नाही, हा राजकीय धोरणाचा प्रश्न आहे, आणि परवाने रद्द केले तर घटनेने संरक्षण दिलेल्या करारांना बाधा येईल. साक्षीपुरावा झालाच नाही. दाराशीच परत पाठवणी झाली.

१४/ त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १९९१ रोजी, लेते बेटावरील ऑर्मोक शहरात चक्रीवादळाच्या पावसाने काही तासांत पूर आला. सुमारे पाच हजार माणसे गेली. शहराच्या वरच्या बाजूच्या टेकड्यांवर जंगल उरले नव्हते. मोठ्या भागात ऊस लावलेला होता. पुराला केवळ जंगलतोड कारणीभूत नव्हती, पाऊसही विलक्षण होता आणि नदीपात्रात वस्तीही होती. पण 'कोणता हक्क भंगला' या प्रश्नाकडे त्या महिन्यानंतर फिलिपाइन्समध्ये पूर्वीच्या नजरेने पाहणे अवघड झाले.

१५/ जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरोला वसुंधरा परिषद भरली. तिथे कॅनडाच्या सेव्हर्न कलिस-सुझुकी या बारा वर्षांच्या मुलीने भाषण केले आणि जगभरचे प्रतिनिधी हेलावले. ते भाषण आजही पुन्हा पुन्हा पाहिले जाते. मात्र त्या सभागृहातील तिचे स्थान पाहुण्याचे होते. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे ऐकणाऱ्यांच्या मर्जीवर होते. वादीचे तसे नसते. त्याला उत्तर द्यावेच लागते, मग ते 'नाही' का असेना. मुलांच्या पर्यावरणीय नागरिकत्वाचा इतिहास लिहिताना आपण व्यासपीठावरच्या मुलीपाशी थांबतो आणि मकातीच्या फायलीकडे जातच नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

१६/ सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३० जुलै १९९३ रोजी आला. निकाल लिहिला न्यायमूर्ती इलारियो दाविदे (धाकटे) यांनी, जे पुढे १९९८ साली सरन्यायाधीश झाले. 'मायनर्स ओपोसा विरुद्ध फाक्तोरान' या नावाने हा निकाल आज जगभरच्या विधि महाविद्यालयांत शिकवला जातो.

१७/ पहिला प्रश्न : न जन्मलेल्यांच्या वतीने दावा लावता येतो का? न्यायालय म्हणाले, येतो. प्रत्येक पिढीवर पुढील पिढीसाठी निसर्गाची लय राखण्याची जबाबदारी आहे. ही मुले आपला हक्क बजावत असताना तीच जबाबदारीही पार पाडत आहेत. हक्क आणि कर्तव्य एकाच कृतीत आणून न्यायालयाने मुलांना नागरिकाच्या जागी बसवले. मतदार होण्यासाठी वय लागते, वारस होण्यासाठी लागत नाही.

१८/ दुसरा प्रश्न : धोरणांच्या प्रकरणातील हक्क खरा हक्क का? न्यायालयाचे उत्तर धाडसी होते. संतुलित पर्यावरणाचा हक्क मानवजातीच्या टिकून राहण्याशी निगडित आहे. असे हक्क घटनेत लिहिण्याचीही खरे तर गरज नसते, मानवजात अस्तित्वात आली तेव्हापासून ते गृहीतच आहेत. मग घटनाकारांनी ते का लिहिले? लिहिले नाही तर पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला करपलेली जमीनच येईल, या भीतीने, असे न्यायालयाने म्हटले. घटना समितीतील चर्चेचाही आधार घेतला. या कलमामुळे प्रदूषण करणाऱ्यांना दंड करता येईल का, असे एका सदस्याने तिथे विचारले होते. आणि हक्क म्हटला की तो न बिघडवण्याचे कर्तव्य ओघानेच येते, असे उत्तर त्याला मिळाले होते.

१९/ तिसरा प्रश्न, म्हणजे 'लायसन्स' की 'ॲग्रीमेंट'. न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की हा परवाना आहे, करार नाही. सार्वजनिक हितासाठी सरकार तो बदलू शकते, काढून घेऊ शकते. १९७५ च्या वनसंहितेतच तशी तरतूद होती. आणि एक टोमणाही मारला. कराराच्या संरक्षणाचा मुद्दा खालच्या न्यायालयाने उचलून धरला खरा, पण मंत्र्यांनी आपल्या अर्जात तो मांडलाच नव्हता. मांडला असता, तर परवानाधारकांना कायमचे अवाजवी लाभ बहाल करून त्यांनी सरकारशीच बेइमानी केली असती. तीन शब्दी नावातील तिसरा शब्द तिथे गळून पडला.

२०/ सगळे न्यायमूर्ती एकाच सुरात बोलत होते असे मात्र नाही. न्यायमूर्ती फेलिसियानो निष्कर्षाशी सहमत होते, तरी त्यांनी वेगळे मत लिहिले. 'संतुलित व आरोग्यदायी पर्यावरण' ही शब्दरचना इतकी व्यापक आहे की तिच्यात काय बसत नाही, असा त्यांचा रोख होता. प्रतिवादीला आपण नेमका कोणता नियम मोडला हे कळले पाहिजे. ते कळत नसेल, तर त्याने बचाव कशाचा करायचा? भारावून गेलेल्या वाचकांनी हे मत अवश्य वाचावे. आजच्या हवामान खटल्यांत सरकारी वकील जो आक्षेप घेतात, त्याचे बीज तिथे आहे.

२१/ आता न सांगितला जाणारा भाग. सर्वोच्च न्यायालयाने एकही परवाना रद्द केला नाही. दावा फेटाळणे चूक होते, एवढे ठरवून तो सुनावणीसाठी मकातीला परत पाठवला. आणि तिथे तो पुढे चाललाच नाही. प्रत्येक परवानाधारकाला पक्षकार करून पुरावा उभा करण्याचे काम प्रचंड होते. शिवाय मूळ जंगलातील तोड तोवर, १९९२ पासून, प्रशासकीय आदेशाने बंद झाली होती. नैसर्गिक जंगलातील सर्व तोडीवर स्थगिती आली ती १ फेब्रुवारी २०११ रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने.

२२/ म्हणूनच दान्ते गातमायतान या फिलिपिनी कायदेपंडिताने २००३ साली या निकालाला 'पिरिक विजय' ठरवले. एपिरसच्या राजा पिऱ्हसने रोमनांवर मिळवला तसा, जिंकूनही हाती काही न लागलेला. त्यांचा एक मुद्दा अचूक आहे : वादी मुले जिवंत होती आणि त्यांना स्वतःच्या नावाने दावा लावता येतच होता, न जन्मलेल्यांना मध्ये आणल्याने निकालात काहीच फरक पडला नाही. तर्क म्हणून हे मान्य. पण इतिहासात काही वाक्ये त्या खटल्यापुरती अनावश्यक असूनही पुढच्या खटल्यांचा पाया होतात, आणि इथे तसेच घडले.

२३/ २०१० साली फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय खटल्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली. तीत स्पष्ट लिहिले आहे की कोणीही नागरिक अज्ञान मुलांच्या किंवा न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीने दावा लावू शकतो. सतरा वर्षांपूर्वीचे 'अनावश्यक' वाक्य नियम होऊन बसले. दरम्यान ओपोसांनी मनिला उपसागराच्या प्रदूषणाचा दावा १९९९ साली लावून २००८ साली जिंकला. त्या निकालात न्यायालयाने सरकारी खात्यांवर सतत देखरेख ठेवण्याचे जे हत्यार वापरले, ते भारताकडून उसने घेतले होते : विनीत नारायण आणि एम. सी. मेहता या आपल्या खटल्यांचा दाखला देऊन. २००९ साली ओपोसांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२४/ भारतात काय चालले होते? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१अ आले आणि नैसर्गिक पर्यावरण जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. ही दुरुस्ती आणीबाणीतली, हे विसरू नये. नागरिकांचे हक्क स्थगित असताना त्यांना कर्तव्यांची यादी दिली गेली. हक्काची बाजू पुढे न्यायालयांनी कलम २१ मधून, जगण्याच्या हक्कातून, बांधून काढली. १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. आणि २२ नोव्हेंबर १९९१ रोजी, मेहता यांच्याच याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यास सांगितले.

२५/ होय, अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण'ची जी प्रकल्पवही आदल्या रात्री मित्राच्या वहीवरून उतरवली जाते, तिचे मूळ त्या आदेशात आहे. एकाच दशकात मनिलाने मुलाला वादी केले आणि दिल्लीने विद्यार्थी. दोन्ही हेतू चांगले होते. पण नागरिकत्वाच्या दोन वेगळ्या कल्पना त्यांमागे आहेत, आणि दुसरी कल्पना बहुतेक वेळा पानाफुलांची चित्रे चिकटवून संपते, हे आपण सगळेच जाणतो.

२६/ पिढ्यांमधील न्यायाचा विचार आपल्या न्यायालयांतही आला. त्याचे सर्वांत ठोस रूप गोव्यात दिसते. लोहखनिजाच्या बेकायदा उत्खननाबाबत 'गोवा फाउंडेशन'ने लावलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. खनिज एकदा काढले की परत येत नाही, तेव्हा त्याचा काही हिस्सा उद्याच्या गोंयकारांच्या नावे राहावा. 'अ.पा.क.'ची कल्पना पुन्हा, सातबाऱ्याऐवजी खाणींना लावलेली.

२७/ मुलांनी स्वतः दार ठोठावले तेव्हा मात्र अनुभव संमिश्र आहे. उत्तराखंडातील नऊ वर्षांच्या रिधिमा पांडेने मार्च २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणात हवामान बदलाबाबत अर्ज केला. जानेवारी २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. सध्याच्या कायद्यांत हवामानाचा विचार होतच असणार, असे गृहीत धरून. त्याच वर्षी मुंबईत आरे. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. विधि शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले आणि ७ तारखेला, दसऱ्याच्या सुट्टीत, विशेष पीठ बसले. तोड थांबली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

२८/ या अनुभवांतून घडणाऱ्या मनोवृत्तीचा एक मागोवा 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सापडतो. दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना प्रश्न विचारले होते. भविष्य भीतिदायक वाटते असे म्हणणारे एकूण ७५ टक्के. भारतात ८० आणि फिलिपाइन्समध्ये ९२. ज्या देशाने मुलांना सर्वांत आधी न्यायालयात बसवले, तिथली मुले सर्वांत घाबरलेली. निकालाने वादळे थांबत नाहीत, हे एक कारण. पण धोका किती मोठा आहे हे त्या समाजात मोकळेपणाने बोलले जाते, हेही असावे असे मला वाटते.

२९/ कोलंबियात २०१८ साली २५ मुला-तरुणांनी ॲमेझॉनसाठी दावा जिंकला, अंमलबजावणी रखडली. अमेरिकेत २१ तरुणांचा 'ज्युलियाना' खटला दहा वर्षे चालून सुनावणीविनाच संपला, तर माँटाना राज्यातील १६ जण २०२३ साली जिंकले. जर्मनीचा निकाल थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. २४ मार्च २०२१ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने म्हटले की, २०३० पर्यंत आजच्या पिढीने कार्बनचा बहुतेक साठा खर्चून टाकला, तर नंतरच्या काळात तरुणांच्या प्रत्येक स्वातंत्र्यावर कठोर बंधने येतील. म्हणून हा प्रश्न स्वातंत्र्याचाच आहे. न्यायालयाने फेलिसियानोंच्या शंकेला नकळत दिलेले हे उत्तर म्हणता येईल. हक्क धूसर होता. तो मोजता येईल अशा हिशेबात बसवला. काही महिन्यांत कायदा बदलला आणि कार्बन-समतोलाचे वर्ष २०४५ झाले.

३०/ आणि शेवटी वानुआतू. पॅसिफिकमधील या बेटदेशाच्या राजधानीत, पोर्ट व्हिला येथे, साउथ पॅसिफिक विद्यापीठाचे विधि संकुल आहे. मार्च २०१९ मध्ये तिथल्या २७ विद्यार्थ्यांनी एक योजना आखली : हवामानाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचे. पलाऊ आणि मार्शल बेटांनी काही वर्षांपूर्वी तसा प्रयत्न केला होता. बड्या देशांपुढे तो टिकला नव्हता. विद्यार्थ्यांनी आपापल्या बेटांच्या नेत्यांना पत्रे लिहिली. वानुआतू सरकारने ती उचलून धरली.

३१/ इथे एक तांत्रिक अडचण होती. व्यक्तीला त्या न्यायालयात जाताच येत नाही; प्रश्न विचारायचा, तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारायचा. म्हणजे २७ विद्यार्थ्यांना आधी जगातील बहुसंख्य देशांना पटवावे लागणार होते. चार वर्षे लागली. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात वानुआतूवर एकापाठोपाठ दोन चक्रीवादळे आदळली आणि २९ मार्चला आमसभेत ठराव आला. १३२ देश सहप्रस्तावक होते. विरोधात कुणीही मत मागितले नाही. ठराव सहमतीने मंजूर झाला.

३२/ डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत ९६ देश बोलले. भारतानेही बाजू मांडली : ज्यांनी ऐतिहासिकदृष्ट्या सर्वाधिक कार्बन सोडला त्यांनी अधिक भार उचलावा, आणि न्यायालयाने सध्याच्या हवामान करारांपलीकडे नव्या जबाबदाऱ्या लादू नयेत. पहिला भाग आपल्या जुन्या आणि न्याय्य भूमिकेशी सुसंगत आहे. दुसरा भाग बेटांवरच्या विद्यार्थ्यांच्या मागणीच्या थेट विरुद्ध होता, आणि यावर मराठी वृत्तपत्रांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

३३/ २३ जुलै २०२५ रोजी पंधरा न्यायाधीशांनी एकमताने मत दिले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी हेही होते. देशांची कर्तव्ये केवळ हवामान करारांपुरती नाहीत, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही ती येतात, असे न्यायालयाने सांगितले. भावी पिढ्यांच्या हिताला त्याने कायद्याचा अर्थ लावण्याचा निकष मानले. स्वतंत्रपणे बजावता येईल असा हक्क मात्र मानला नाही. दाविदे यांच्याइतके पुढे हेग गेले नाही.

३४/ हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, बंधनकारक नाही. तरीही कोणती सरकारी कृत्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतात, याची जी उदाहरणे त्यात दिली आहेत, ती वाचून मला मकातीची आठवण झाली. जीवाश्म इंधनाचे उत्पादन, त्याचा वापर, त्याला दिलेले अनुदान, आणि त्याच्या शोधासाठी दिलेले परवाने.